टोंगळ्यातली चंद्रकोर

वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो आणि टोंगळ्याचा टोंगया. बडनेरा स्टेशनाबाहेरच्या ऑटोवाल्यापासून अमरावतीच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या आजीपर्यंत सगळ्यांची तक्रार एकाच वाक्यात येते: ‘टोंगये दुखून राह्यले जी.’

या वाक्याला मिळणारं उत्तर मात्र आता वेगळ्याच भाषेत येतं. मोठ्या पाकिटात काळ्या फिल्म, सोबत एक कागद, आणि त्यावर ‘ग्रेड टू सिग्नल, पोस्टेरिअर हॉर्न, मेडिअल मेनिस्कस’ असली ओळ. पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर पळणारा मुलगा ही ओळ मोबाइलवर शोधतो. समोर शस्त्रक्रियेचे व्हिडिओ येतात. ग्रेड तीनच असतात हे कळल्यावर तो हिशेब करतो, की तीनपैकी दोन म्हणजे दोन तृतीयांश गादी फाटली. घरात चर्चा सुरू होते. भरती सोडायची का? ऑपरेशन करायचं का? पैसे कुठून आणायचे?

हा हिशेब चुकीचा आहे. पण तो का चुकीचा आहे हे समजून घ्यायचं तर गुडघ्याच्या आत डोकावण्याच्या दोनशे वर्षांच्या खटपटीची गोष्ट माहीत असायला हवी. या गोष्टीत डॉक्टर दोनदा फसले. पहिल्यांदा गादी दिसत नव्हती म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती फार स्पष्ट दिसायला लागली म्हणून.

गादी म्हणजे नेमकं काय

मांडीचं हाड खालच्या टोकाला गोलसर असतं. नडगीच्या हाडाचा वरचा भाग जवळपास सपाट. ताटावर दोन लिंबं ठेवावीत तसा हा प्रकार. नुसतं एवढंच असतं तर सगळं वजन दोन लहानशा ठिपक्यांवर पडलं असतं. ते पसरावं म्हणून प्रत्येक गुडघ्यात दोन कुर्च्या असतात. आतल्या बाजूची इंग्रजी ‘सी’च्या आकाराची, बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल. कडेला जाड, मध्याकडे पातळ होत जाणारी पाचर. ग्रीक भाषेत ‘मेनिस्कोस’ म्हणजे लहान चंद्र. मेनिस्कस हे नाव त्यावरून पडलं. आपल्याकडे आपण तिला गादी म्हणतो, आणि चंद्रकोर म्हटलं तरी चालेल, कारण आकार तोच आहे.

पाय सरळ असताना गुडघ्यावरून जाणाऱ्या भारापैकी साधारण निम्मा भार या दोन कोरी पेलतात. गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. शेतात निंदण करणारी बाई, फरशी पुसणारी बाई, उकिडवं बसून पंक्चर काढणारा पोरगा, यांच्या कोरी किती काम करत असतील याचा अंदाज यावरून यावा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे ती कामाला येणार आहे. कोरीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, जेमतेम १० ते ३० टक्के रुंदीपर्यंत. आतल्या पातळ भागात रक्तवाहिन्या नाहीत आणि संवेदना नेणाऱ्या नसाही जवळपास नाहीत. म्हणजे बाहेरच्या कडेची चीर भरून येऊ शकते. आतली सहसा भरत नाही, पण ती दुखेलच असंही नाही.

खाण, कापूस आणि अडकलेला गुडघा

गुडघा अचानक अडकणं, सरळच न होणं, आणि मग एखाद्या झटक्याने सुटणं हा अनुभव माणसाला फार जुना असणार. त्याला वैद्यकीय नाव दिलं इंग्लंडमधल्या लीड्सच्या विल्यम हे या सर्जननं. १७७३ मध्ये आंघोळीतून बाहेर येताना त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला मार बसला होता. १८०३ च्या आपल्या पुस्तकात त्यानं अशा गुडघ्यांचं वर्णन केलं आणि त्याला ‘इंटर्नल डिरेंजमेंट’, म्हणजे आतला बिघाड, असं म्हटलं. आत नेमकं काय बिघडलंय हे बाहेरून दिसत नव्हतं. पुढे डॉक्टर मंडळी विनोदानं म्हणू लागली की या निदानाच्या आद्याक्षरांचा, ‘आय-डी-के’चा, खरा अर्थ ‘आय डोन्ट नो’ असा आहे.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मोठी बाजारपेठ अमरावतीची, पण मुख्य मार्ग गेला बडनेऱ्यावरून. म्हणून इथून अमरावतीला फाटा काढावा लागला आणि बडनेरा जंक्शन झालं. पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापडाची गिरणी आली. पोती वाहणारे, गाठी लोटणारे, वॅगन भरणारे हात आले. हात म्हणायचं, पण वजन शेवटी गुडघ्यावरच येतं. आजची कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची असते. पाय एका जागी रोवून, गुडघा वाकवून, वरचं धड वळवून ती लोटायची. कोर फाटण्यासाठी लागतात त्या तिन्ही हालचाली यात आल्या: भार, वाक आणि पीळ.

हेच तीन घटक स्कॉटलंडच्या कोळसा खाणीतही होते. बुटक्या बोगद्यात गुडघ्यावर बसून, अंग पिळून कोळसा फोडायचा. १६ नोव्हेंबर १८८३ रोजी एडिंबरात थॉमस अ‍ॅनंडेल या सर्जननं अशाच एका खाणकामगाराचा गुडघा उघडला. आतल्या बाजूची कोर जागेवरून सुटली होती. त्यानं ती कापली नाही. कॅटगटच्या दोऱ्यानं पुन्हा जागेवर शिवली. रुग्ण बरा झाला. १८८५ मध्ये ही हकिकत छापून आली.

म्हणजे गादी शिवायची ही जगातली नोंद झालेली पहिली शस्त्रक्रिया होती. गंमत अशी, की पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगानं नेमकं उलटं केलं.

हाडं दिसली, गादी नाही दिसली

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटजेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यानं बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी. काही महिन्यांत जगभर ही यंत्रं पोचली. मोडलेलं हाड, शरीरात रुतलेली गोळी, गिळलेलं नाणं, सगळं दिसू लागलं.

गादी मात्र दिसेना. कारण सरळ आहे. हाडातला कॅल्शियम क्ष-किरणांना अडवतो म्हणून हाड पांढरं उमटतं. कुर्चा, स्नायू, पाणी हे किरणांच्या लेखी जवळपास सारखेच. त्यामुळे गुडघ्याच्या एक्स-रेत दोन हाडांमध्ये रिकामी काळसर जागा दिसते. दवाखान्यात आपण ऐकतो ना, ‘गॅप कमी झाली’? ती गॅप खरं तर गॅप नसतेच. तिथे हाडावरचं कुर्चेचं अस्तर असतं आणि चंद्रकोर असते. फक्त चित्रात त्यांची जागा रिकामी दिसते.

चित्रात जे रिकामं दिसतं त्याला माणूस फार किंमत देत नाही. १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटन या इंग्रज सर्जननं या कोरी म्हणजे पायाच्या स्नायूंचे मागे उरलेले, काहीच काम नसलेले अवशेष आहेत असं लिहिलं. त्याच्या मताचा पाया शरीररचनेच्या तुलनेचा होता, पण त्याला खोडून काढणारं चित्रही कुणापाशी नव्हतं. निरुपयोगीच असेल तर फाटल्यावर ठेवायची कशाला? अपेंडिक्स काढतात तशी काढून टाकायची. खाणकामगार आणि फुटबॉलपटू यांच्या गुडघ्यांतून हजारो कोरी काढल्या गेल्या.

निदान होत होतं ते हातानं. लिव्हरपूलच्या थॉमस मॅकमरे यानं सांगितलेली तपासणी आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा पूर्ण वाकवायचा, पाऊल आत किंवा बाहेर वळवायचं आणि हळूहळू पाय सरळ करायचा. बोटांखाली ‘कट्’ असा झटका लागला आणि रुग्ण कळवळला तर कोर फाटलेली असण्याचा संशय. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट बोटांनी चाचपण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो बराच बरोबर होता. पण त्याच मॅकमरेचं मत असंही होतं की शस्त्रक्रिया फसते ती कोर अर्धवट काढल्यामुळे. काढायची तर पूर्ण काढा.

१९३६: बर्लिन आणि एक प्रयोग

अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आखाडा, मल्लखांब, लाठी, कबड्डी. या मंडळाची तुकडी १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेली आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. वऱ्हाडातल्या मातीवर घडलेले गुडघे जगासमोर खेळले.

कबड्डी हा खेळ गुडघ्याच्या दृष्टीनं कसा आहे बघा. चढाई करणारा एका पायावर भार टाकून वळतो. तेवढ्यात कुणी घोटा धरतो, कुणी मांडी. पाऊल जमिनीला खिळलेलं, धड मधल्या रेषेकडे ओढ घेतंय, आणि मधला गुडघा पिळला जातोय. पुन्हा तेच: भार, वाक, पीळ. गाठ लोटणारा हमाल, कोळसा फोडणारा मजूर आणि चढाईवर गेलेला खेळाडू एकाच कारणानं जायबंदी होतात. त्या वर्षी बर्लिन असो, लंडन असो की मुंबई, गुडघा वारंवार अडकणाऱ्या खेळाडूला सर्जन एकच सल्ला देऊ शकत होता: कोर काढून टाकू.

त्याच वर्षी डॉन किंग या सर्जननं कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याला दिसलं की कोरीची चीर बाहेरच्या, रक्त असलेल्या कडेपर्यंत पोचत असेल तर ती भरून येते. केवळ आतल्या भागातली चीर भरत नाही. आणि कोर काढून टाकली तर हाडावरचं अस्तर झिजायला लागतं, जितकी जास्त काढावी तितकं जास्त. निरुपयोगी अवशेष म्हणवणारी गोष्ट काढल्यावर सांधा का बिघडावा? प्रश्न मोठा होता, पण ती कुत्री होती. माणसांच्या शस्त्रक्रिया चालूच राहिल्या.

१९४८ मध्ये टी. जे. फेअरबँक या ब्रिटिश सर्जननं माणसांचा पुरावा मांडला. कोर काढलेल्या १०७ रुग्णांचे एक्स-रे त्यानं तपासले. अनेकांत हाडाच्या कडेला उंचवटा आला होता, मांडीच्या हाडाची गोलाई चपटी झाली होती आणि ती ‘गॅप’ अरुंद झाली होती. हे बदल आजही फेअरबँकच्या नावानं ओळखले जातात.

यात मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते असं: ज्या एक्स-रेला गादी कधीच दिसली नव्हती, त्याच एक्स-रेनं गादी नसल्याचा परिणाम दाखवला. आधी तिची जागा रिकामी म्हणून दुर्लक्षिली. मग तीच जागा कमी होताना पाहून कळलं की तिथे काहीतरी होतं. तरीही फेअरबँकच्या निबंधानंतर जवळपास दोन दशकं पूर्ण कोर काढणं ही रूढ पद्धत राहिली. शस्त्रक्रियेनंतर गुडघा अडकायचा थांबतो, माणूस कामावर जातो, फुटबॉल खेळतो. झीज येते ती दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोवर रुग्ण त्या सर्जनकडे परत गेलेला नसतो.

हवा, रंग आणि एक दुर्बीण

गादी दिसावी म्हणून डॉक्टरांनी मधल्या काळात बरेच उद्योग केले. १९०५ मध्येच वेर्नडॉर्फ आणि रॉबिन्सन यांनी गुडघ्यात प्राणवायू भरून एक्स-रे काढला. सांध्यात वायू पसरला की कोरीची बाह्यरेषा उमटते, अशी कल्पना. १९४८ मध्ये स्वीडनच्या क्नुट लिंडब्लोमनं क्ष-किरणांना अडवणारं द्रव्य सांध्यात टोचून कोरीच्या चिरा दाखवल्या. पुढे हवा आणि द्रव्य दोन्ही एकदम वापरायची पद्धत आली. आधी गुडघ्यात सुई, मग गुडघा पिळून-ताणून एकामागून एक चित्रं. फाटलेल्या जागी द्रव्य शिरलं तर चिरेची रेघ दिसायची. आर्थ्रोग्राफी म्हणतात ती हीच. १९६० आणि ७० च्या दशकांत मोठ्या रुग्णालयांमध्ये ती चांगली रुजली. पण ती दुखरी होती आणि ती वाचायला तरबेज नजर लागायची.

दुसरी वाट जपानमधून आली, आणि तिचं कारण आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल. जपानी माणूस जमिनीवर गुडघे मुडपून बसतो. क्षयरोगानं गुडघा ताठ झाला की त्याचं घरात, समारंभात, पंगतीत बसणंच संपतं. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपला ताठ गुडघा ही गैरसोय होती, जपानमध्ये मात्र ते मोठंच अपंगत्व. म्हणून क्षयाचा गुडघा लवकर ओळखता यावा यासाठी टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका शवाच्या गुडघ्यात घातली. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसून शौचाला जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही निकड समजावून सांगायला नको.

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ही दुर्बीण कामाची बनवली. ४ मे १९६२ रोजी त्यांनी बास्केटबॉल खेळणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून कोरीचा फक्त फाटलेला तुकडा काढला. बाकीची कोर जागेवर ठेवली. १९६४ मध्ये टोरांटोचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोला गेले, वातानाबेंकडून हे शिकले आणि पश्चिमेकडे घेऊन गेले. पहिल्यांदाच एक सर्जन जिवंत माणसाच्या गुडघ्यातली कोर समोर पाहून, जेवढी बिघडली तेवढीच कापू शकत होता. हात, एक्स-रे आणि हवा यांना जे जमलं नव्हतं ते पेन्सिलीएवढ्या जाडीच्या नळीनं केलं.

तरी पेच उरलाच. बघण्यासाठीसुद्धा गुडघ्याला भोक पाडावं लागत होतं.

लोहचुंबक

शरीर न उघडता, सुई न टोचता, क्ष-किरणही न वापरता गादी दाखवली ती एमआरआयनं. अणुकेंद्रं चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना प्रतिसाद देतात हे ब्लॉक आणि पर्सेल यांनी १९४६ मध्ये दाखवलं होतं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्या प्रतिसादापासून चित्र बनवून दाखवलं. पीटर मॅन्सफील्ड यांनी ते काम वेगवान केलं. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. भारतात पहिलं एमआरआय यंत्र १९८६ मध्ये दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन संस्थेत लागलं. नंतर ते महानगरांत गेलं, मग नागपुरात, आणि आता अमरावतीत. बडनेऱ्याच्या माणसाला त्यासाठी दहाएक किलोमीटर जावं लागतं. खर्च परवडेना तर लोक नागपूरचं मेडिकल गाठतात, किंवा त्याच रेल्वेमार्गावर पुढे वर्ध्याला उतरून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जातात.

गादी एमआरआयमध्ये का दिसते, हे कळलं की आपला रिपोर्टही कळतो. हे यंत्र मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनचा आवाज ऐकतं. मोकळं पाणी असेल तिथे मोठा आवाज, म्हणजे चित्रात पांढरं. कोरीतलं पाणी कोलॅजेनच्या घट्ट विणीत बांधलेलं असतं, त्याचा आवाज यंत्राच्या कानी पडायच्या आत विरतो. म्हणून निरोगी कोर एकसंध काळी दिसते, काळ्या त्रिकोणी पाचरीसारखी. वीण सैल झाली किंवा फाटली की तिथे मोकळं पाणी शिरतं आणि काळ्यात पांढरी खूण उमटते.

१९८० च्या दशकात डॉक्टरांनी या खुणांचे तीन प्रकार पाडले. कोरीच्या पोटात ढगासारखा ठिपका, तो ग्रेड १. पोटातच पण रेघेसारखी खूण, ती ग्रेड २. आणि रेघ कोरीच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली, तो ग्रेड ३. फाटणं म्हणतात ते फक्त तिसऱ्याला. ग्रेड २ म्हणजे दोन तृतीयांश फाटलेली गादी नव्हे. आतल्या विणीत बदल आहे, पण कोर फाटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. धावणाऱ्या, खेळणाऱ्या, आणि वय वाढत चाललेल्या अनेक माणसांत ही खूण सापडते. ‘ग्रेड’ शब्दामुळे आपण तिला परीक्षेच्या गुणांसारखं वाचतो, तिथेच घोटाळा होतो.

आता सगळंच दिसू लागलं

दुसरी फसगत इथे सुरू झाली. एमआरआय जसजसा स्वस्त आणि जवळ आला, तसतशी दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्यात काही ना काही सापडू लागलं. सापडलं की तेच दुखण्याचं कारण असं मानलं गेलं, आणि दुर्बिणीनं ते साफ करायचं. गुडघ्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगातल्या सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक झाली.

पण न दुखणाऱ्या गुडघ्यांत काय असतं, हे कुणी पाहिलं होतं? अमेरिकेत बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात ते पाहिलं गेलं. ५० ते ९० वर्षांच्या ९९१ लोकांचे, दुखतंय की नाही हे न बघता, गुडघ्याचे एमआरआय काढले. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांत कोर फाटलेली असणं फार सामान्य निघालं. पन्नाशीतल्या बायकांमध्ये १९ टक्के, सत्तरीपुढच्या पुरुषांमध्ये ५६ टक्के. आणि ज्यांची कोर फाटली होती त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता.

आतल्या भागात नसा जवळपास नसतात, हे वर आलंच आहे. केस पांढरे होतात तशी अनेकांची कोर वयानं विरते. साठीच्या आजीच्या दुखऱ्या गुडघ्यात फाटलेली कोर सापडली, तर ती दुखण्याचं कारण असेल, किंवा केवळ त्या वयाची खूणही असेल. चित्र दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

मग शस्त्रक्रियेचा फायदा कुणाला होतो, हे तपासायला काही डॉक्टरांनी धाडस केलं. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघ्याची झीज झालेल्या १८० रुग्णांपैकी काहींवर खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींना फक्त कातडीला छेद देऊन टाके घातले. कुणाचं काय झालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी दोन्हींच्या दुखण्यात फरक नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, कोर विरून फाटलेल्या पण झीज नसलेल्या १४६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. एका वर्षानंतर तुकडा काढलेले आणि नुसता देखावा केलेले सारखेच होते. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

ब्लँड-सटनच्या काळात कोर दिसत नव्हती म्हणून ती बिनकामाची ठरली. आपल्या काळात ती दिसते, म्हणून प्रत्येक दुखण्याचा आळ तिच्यावर येतो. दोन्ही वेळा कापली गेली तीच.

फिल्म हातात असताना

याचा अर्थ एमआरआय बिनकामाचा, असा काढला तर तिसरी चूक होईल. खेळताना गुडघा पिळला, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुजला, आणि आता तो अडकून पूर्ण सरळच होत नाही, असं तरुण पोराचं झालं तर थांबून चालत नाही. अनेकदा कोर लांबीत फाटून बादलीच्या कडीसारखी मध्ये उलटलेली असते. एमआरआयमध्ये ती उलटलेली कडी स्पष्ट दिसते. चीर रक्त असलेल्या कडेजवळ असेल तर तिला शिवता येतं, आणि ते वेळेत करावं लागतं. कबड्डीत कोरीबरोबर आतला स्नायुबंध तुटला असेल तर तोही याच चित्रात कळतो. अशा गुडघ्याला ‘लेप लावा, मालिश करा’ म्हणत महिने घालवले तर शिवण्याजोगी कोर काढून टाकण्याजोगी होते. विशीत कोर गेली की चाळिशीत काय होतं, ते फेअरबँकच्या १०७ लोकांनी सांगून ठेवलंय.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर विचारायचे प्रश्न साधे आहेत. खूण पृष्ठभागापर्यंत पोचली आहे का? चीर बाहेरच्या कडेला आहे की आत? ही मार लागून झालेली आहे की वयानं विरलेली? माझं दुखणं नेमकं त्याच जागी आहे का? शिवता येईल का, आणि काही आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करून बघितला तर काय बिघडेल?

यातला चौथा प्रश्न यंत्राला सोडवता येत नाही. त्यासाठी डॉक्टरला टोंगळा हातात घ्यावा लागतो, वाकवावा लागतो, वळवावा लागतो, सांध्याच्या रेषेवर अंगठा दाबून ‘इथं का?’ असं विचारावं लागतं. मॅकमरेच्या काळात हेच एक साधन होतं. आज ते अनेक साधनांपैकी एक आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी तेच गाळलं जातं. फिल्म बघून, गुडघ्याला हातही न लावता शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायला हरकत नाही.

आणि भरतीच्या त्या मुलाचं काय? त्याच्या कागदावर ग्रेड २ लिहिलंय. गुडघा अडकत नसेल, सुजत नसेल, हातानं तपासल्यावर सांध्याच्या रेषेवर दुखत नसेल, तर कापण्यासारखं तिथे काही नाही. काही दिवस पळणं कमी करायचं, मांडीचे आणि मागचे स्नायू भक्कम करायचे, मग अंतर हळूहळू वाढवायचं. १६०० मीटर तो पुन्हा पळू शकतो, आणि तेही स्वतःच्या दोन्ही चंद्रकोरींवर.